झाकण उघडलं तरी लॅपटॉप उठत नाही: चाचणी आवृत्तीवर तीनदा आलेला एकच त्रास

त्रास असा आहे. काम थांबवून लॅपटॉपचं झाकण मिटायचं, तासाभराने उघडायचं, आणि पडदा काळाच. कीबोर्डवर काहीही दाबा, टचपॅडवर बोट फिरवा, समोर काही येत नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, मशीन बंद पाडायचं आणि पुन्हा सुरू करायचं. जतन न केलेलं काम गेलं ते गेलंच.

मी एका लिनक्स डिस्ट्रोची (लिनक्सवर बांधलेल्या तयार सिस्टिमची, उदा. उबंटू, फेडोरा) प्रकाशनपूर्व आवृत्ती रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर चालवतो. वर्षभरात हा त्रास मला तीन वेळा आला. तिन्ही वेळा लक्षण एकच, कारण मात्र दर वेळी निराळं. दुसऱ्या वेळी मी पहिल्या वेळचा उपाय करत बसलो आणि दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या वेळचं कारण तर दुसऱ्या वेळी मीच केलेल्या उपायात होतं. म्हणून हे लिहितोय. स्थिर आवृत्तीवर एखादा उपाय लागू पडला की तो बहुतेकदा टिकतो. चाचणी आवृत्तीत दर आठवड्याला खालची जमीन बदलते, त्यामुळे ‘मागच्या वेळी कशाने बरं झालं’ यापेक्षा ‘या वेळी नेमकं कुठे अडलं’ हे शोधता येणं जास्त उपयोगाचं आहे.

खालच्या आज्ञा आणि फायलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

बटण दाबून धरण्याआधी

काळा पडदा दिसला की हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो. तिथे अर्धा मिनिट थांबा, कारण त्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं ते नंतर कुठल्याही लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) सापडत नाही.

पहिलं म्हणजे दिवे बघा. पॉवरचा दिवा स्थिर आहे, मंद लुकलुकतोय की अजिबात लागलेला नाही? लुकलुकत असेल तर मशीन अजून झोपेतच आहे, उठायचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. स्थिर असेल तर ते उठायला निघालं आणि वाटेत अडकलं. दिवाच नसेल तर उठण्याचा प्रश्नच येत नाही, बॅटरी संपलेली आहे. दुसऱ्या वेळी माझा दिवा लागलेला नव्हता. तो मी बघितला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

दुसरं म्हणजे कॅप्स लॉक. तो दाबल्यावर त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर यंत्रणा जिवंत आहे, फक्त पडदा आलेला नाही. मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर (पडद्याचं हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जातो. दिवा हलला नाही तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका. वेलँडवर (लिनक्सची पडदा दाखवण्याची नवी पद्धत) हा दिवा कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः नाही, तर पडदा रंगवणारा प्रोग्राम सांभाळतो. तो प्रोग्राम गोठला तरी दिवा मरतो आणि खाली कर्नल ठणठणीत असू शकतं. खात्री हवी असेल तर लॅपटॉपवर एसएसएच (दुरून आत शिरण्याची सोय) आधीच चालू करून ठेवा आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आत शिरता येतं का ते बघा. आत जाता आलं तर निम्मं काम झालंच.

तिसरं म्हणजे मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे कळांनी थेट कर्नलला आज्ञा देण्याची सोय. ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून (लॅपटॉपवर ती बहुतेकदा प्रिंट स्क्रीनचीच कळ असते, काही ठिकाणी सोबत एफएन लागते) सावकाश एस, मग यू, मग बी. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, यूने फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती राहते आणि बीने मशीन पुन्हा सुरू होतं. प्रत्येक अक्षरामागे दोन-तीन सेकंद जाऊ द्या. ही सोय डिस्ट्रोगणिक कमी-जास्त खुली असते. उबंटूत तिच्या सेटिंगची मूळ किंमत (आकडा) १७६ असते, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज, आणि तेवढ्यात या तिन्ही क्रिया येतात. फेडोरात ती १६ असते, म्हणजे फक्त एस चालतं. चाचणी आवृत्ती टाकलीत की पहिल्याच दिवशी ही किंमत तपासून हवी तेवढी वाढवा. अडकल्यावर ती बदलता येत नाही.

लॉगची शेवटची ओळ

मशीन पुन्हा सुरू झालं की सगळे जर्नलसीटीएल (लॉग दाखवणारी आज्ञा) उघडतात, मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी मशीन सुरू होतं तेव्हाचा, लॉग मागतात (-बी -१) आणि शेवटची ओळ वाचतात. ती जवळजवळ नेहमी एकच असते: ‘पीएम: सस्पेंड एंट्री’. मग लोक ती ओळ शोधयंत्रात टाकतात आणि शेकडो असंबद्ध उत्तरं वाचत बसतात.

या ओळीतून काहीच कळत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. झोपायला जाताना कर्नल आधी सगळे चालू प्रोग्राम गोठवतं, त्यानंतर एकेक उपकरण बंद करतं. लॉग डिस्कवर लिहिणारा जर्नलडी हाही एक प्रोग्रामच, म्हणून तोही गोठतो. त्यानंतर कर्नल जे काही सांगतं ते फक्त मेमरीत राहतं. मशीन नीट उठलं तर जर्नलडी जागा होऊन ते लिहून घेतो. नाही उठलं तर ते विजेबरोबर गेलं. म्हणजे दोष वायफायचा असो, ग्राफिक्सचा असो की फर्मवेअरचा (बोर्डावरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरचा), लॉग संपतो त्याच ओळीवर.

तरी लॉग वाचायचाच, पण शेवटच्या ओळीसाठी नाही. त्यात ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एक्झिट’ यांच्या जोड्या मोजायच्या. एंट्रीनंतर एक्झिट आलीच नाही तर मशीन अडकलं. एंट्री, काही सेकंदांत एक्झिट, पुन्हा एंट्री, पुन्हा एक्झिट, अशी रांग लागली असेल तर मशीन अडकलेलं नाही, त्याला कोणीतरी सारखं उठवत होतं. या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, आणि बाहेरून दोन्ही काळ्या पडद्यासारख्याच दिसतात. एंट्रीच्या पुढे कंसात काय लिहिलंय तेही टिपून ठेवा: ‘डीप’ की ‘एस-टू-आयडल’. पुढे लागणार आहे.

पहिली वेळ: वायफायचा ड्रायव्हर

पहिल्यांदा त्रास आला तो कर्नलची नवी आवृत्ती आल्यावर. एंट्री होती, एक्झिट नव्हती. अशा वेळी कर्नलमध्येच असलेली पीएम-टेस्ट ही सोय कामी येते. ती इतकी कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिस फोल्डरात पॉवर नावाचा फोल्डर आहे, त्यात पीएम-टेस्ट ही फाइल. (ती दिसली नाही तर तुमचं कर्नल या सोयीविना बांधलेलं आहे.) रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन त्या फाइलमध्ये एक शब्द लिहायचा आणि मग नेहमीसारखं मशीन झोपवायचं. कर्नल झोपेच्या वाटेवर त्या शब्दाने सांगितलेल्या पायरीपर्यंतच जातं, ५ सेकंद थांबतं आणि परत येतं. पायऱ्या क्रमाने अशा: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. फ्रीझरमध्ये फक्त प्रोग्राम गोठतात. डिव्हायसेसमध्ये उपकरणंही बंद होऊन परत चालू होतात. पुढच्या पायऱ्यांवर बोर्डाशी संबंधित तयारी, मग जादा प्रोसेसर बंद करणं, आणि शेवटी अगदी गाभ्यातली घड्याळं वगैरे. मशीन एस-टू-आयडल वापरत असेल तर पहिल्या तीनच पायऱ्यांना अर्थ आहे. सगळं झाल्यावर फाइलमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नका, नाहीतर खरी झोप लागणारच नाही. रीबूट केलं तरी ती मूळपदावर येते.

माझं मशीन फ्रीझरवरून परत आलं. डिव्हायसेसवर गेलं ते आलंच नाही. म्हणजे दोष कुठल्यातरी उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये, हे दोन मिनिटांत कळलं. मग एकेक ड्रायव्हर मॉडप्रोब -आर ने उतरवून तीच चाचणी पुन्हा घेतली. आधी ब्लूटूथ, मग कार्ड रीडर, मग वायफाय. वायफाय उतरवल्यावर मशीन पाच सेकंदांनी शांतपणे परत आलं. खात्रीसाठी वायफाय परत चढवलं, अडकलं. उतरवलं, आलं. हे तीनदा केलं. एकदा जमलं म्हणून सापडलं असं झोपेच्या बाबतीत धरता येत नाही, कारण हे दोष अनेकदा पाचातून एकदाच दिसतात.

इथे आरटीसीवेक ही आज्ञा खूप श्रम वाचवते. ‘मेम’ हा प्रकार आणि ३० सेकंद अशी सांगितली की ती मशीन झोपवते आणि ३० सेकंदांनी घड्याळाच्या गजराने उठवते. एका छोट्या लूपमध्ये टाकून वीस वेळा झोपवा-उठवा. विसाच्या विसा वेळा उठलं तरच ‘ठीक’ म्हणायचं.

पीएम-ट्रेस नावाची आणखी एक युक्ती सुचवलेली आढळते. तीही खरी आहे, पण ती कुठे अडलं त्याची खूण मशीनच्या घड्याळातच साठवून ठेवते, कारण रीबूटनंतर टिकणारी तेवढीच जागा हाताशी असते. परिणामी पुन्हा सुरू झाल्यावर तारीख भलतीच दिसते आणि ती दुरुस्त होईपर्यंत सुरक्षित संकेतस्थळं उघडेनाशी होतात. पीएम-टेस्टने भागत नसेल तेव्हाच ती वापरा, आणि तारीख लगेच नीट करा.

उपाय म्हणून ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून आधीचं कर्नल निवडलं आणि काम सुरू केलं. यात एक धोका आहे, तो जरा सविस्तर सांगतो. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात, आणि मग दर आठवड्याला एक आरसी (अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती) येतो, बहुधा आरसी ७ किंवा ८ पर्यंत. चाचणी आवृत्त्या हे आरसी उचलतात. आणि डिस्ट्रो जुनी कर्नलं मोजकीच ठेवते. फेडोरात ही मर्यादा मुळात ३ असते. म्हणजे तुमचं चालणारं कर्नल दोन-तीन आठवड्यांत, तुम्हाला न विचारता, अपडेटच्या ओघात पुसलं जातं. चालणारं कर्नल सापडलं की त्याच दिवशी ते पॅकेज व्यवस्थापकाला सांगून अडकवून ठेवा. ‘नंतर करू’ म्हटलं की ते हातचं जातं.

दुसरी वेळ: बॅगेत जागा राहिलेला लॅपटॉप

तीन महिन्यांनी पुन्हा काळा पडदा. मी थेट जुन्या कर्नलवर गेलो, वायफाय उतरवलं, पीएम-टेस्टच्या पायऱ्या चढलो. सगळं पास. दोन दिवस हेच चाललं. मग एकदा बॅगेत हात घातला आणि लॅपटॉपची खालची बाजू गरम लागली. झोपलेलं मशीन गरम नसतं. लॉग परत उघडला, आणि या वेळी शेवटची ओळ सोडून वरच्या जोड्या बघितल्या: एंट्री, काही सेकंदांनी एक्झिट, एंट्री, एक्झिट. कितीतरी पानं. शेवटी बॅटरी संपून तो बंद पडला होता, आणि मी त्याला ‘उठत नाही’ म्हणत होतो.

कंसातला शब्दही बदलला होता. आधी तिथे ‘डीप’ असायचं, आता ‘एस-टू-आयडल’ होतं.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. डीप म्हणजे जुनी एस-थ्री झोप. मशीन सगळं मेमरीत ठेवतं, मेमरीला थोडी वीज देतं आणि बाकी कारभार फर्मवेअरच्या हाती सोपवून प्रोसेसर बंद करतं. एस-टू-आयडलमध्ये प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही, अगदी खोल विश्रांतीत जातो, आणि कोणतंही परवानगी असलेलं उपकरण त्याला चटकन उठवू शकतं. विंडोजच्या जगात याच जातीच्या झोपेला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. कर्नल यातली कोणती निवडतं ते फर्मवेअर स्वतःबद्दल काय सांगतं त्यावर ठरतं. त्याच पॉवर फोल्डरातली मेम-स्लीप ही फाइल वाचा, निवडलेला प्रकार चौकटी कंसात दिसतो.

मग बदललं काय होतं? कर्नल नव्हे. सॉफ्टवेअर सेंटरने अपडेटच्या यादीत फर्मवेअरचंही अपडेट दाखवलं होतं, आणि मी सगळ्यावर एकदम ‘हो’ म्हटलं होतं. नव्या फर्मवेअरने ‘मी नव्या पद्धतीची झोप घेतो’ असं जाहीर केलं आणि कर्नलने ते ऐकलं.

कोण उठवतंय हे शोधायला पॉवर फोल्डरातच पीएम-वेकअप-आयआरक्यू नावाची फाइल आहे. उठल्याबरोबर ती वाचली की एक आकडा मिळतो. तो प्रॉक फोल्डरातल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये शोधायचा. माझा आकडा १ आला, आणि १ च्या पुढे आय-८०४२ लिहिलेलं होतं, म्हणजे लॅपटॉपचाच कीबोर्ड. (आकडा ९ आला तर तो एसीपीआयचा, म्हणजे फर्मवेअर आणि सिस्टिम यांच्यातल्या दुव्याचा, असतो आणि त्यामागे बरीच उपकरणं दडलेली असू शकतात. मग प्रॉकमधल्या एसीपीआय फोल्डरातली वेकअप ही यादी बघून एकेकाला बंद करत जावं लागतं.) एस-टू-आयडल हा मूळ प्रकार असेल तर कर्नल या कीबोर्डला उठवण्याची परवानगी आपणहून देतं. ठासून भरलेल्या बॅगेत झाकणावर दाब येत होता, कळा दबत होत्या, मशीन उठत होतं, झाकण बंद आहे हे पाहून झोपत होतं, आणि पुन्हा दाब.

इथे मी जो उपाय केला तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. ग्रबमध्ये एक पॅरामीटर (कर्नलला सुरू होताना मिळणारी सूचना) घातला: मेम-स्लीप-डीफॉल्ट बरोबर डीप. जुनी झोप परत आली, कीबोर्डचा प्रश्न मिटला, आणि मी तो पॅरामीटर विसरून गेलो.

तिसरी वेळ: कुठल्याच कर्नलवर उठेना

पुढचं फर्मवेअर अपडेट आलं आणि त्याच दिवशी नवं आरसी कर्नलही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, दिवा स्थिर, पडदा काळा. एंट्री आहे, एक्झिट नाही. या वेळी मी क्रमाने गेलो.

जुनं कर्नल निवडलं. तेही अडकलं. हे कर्नल आधी महिनाभर बिनतक्रार झोपत-उठत होतं. म्हणजे दोष कर्नलच्या बदलात नाही. दोन्ही कर्नलांना समान असलेल्या कशात तरी आहे. मग मागच्या आठवड्याच्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या तेव्हाच्या जपलेल्या प्रतीवर) परत गेलो, म्हणजे सगळी सिस्टिमच जुनी. तरीही अडकलं. स्नॅपशॉट डिस्कवरचं परत आणतो, पण फर्मवेअर बोर्डावरच्या चिपमध्ये असतं, तिथपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

पीएम-टेस्ट घेतली. फ्रीझर पास. डिव्हायसेस पास. प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर, पाचही पायऱ्या पास. आणि खरी झोप मात्र फेल. याचा अर्थ फार नेमका आहे: कोअरपर्यंतचं सगळं काम कर्नलचं, त्यानंतर मशीन फर्मवेअरच्या ताब्यात जातं. कर्नलने आपलं काम बरोबर करून किल्ली दिली, आणि परत आणून देणाऱ्याने ती आणली नाही. नव्या फर्मवेअरमध्ये जुन्या एस-थ्री झोपेतून उठण्याची वाट मोडली होती. नव्या पद्धतीची झोप निवडली असती तर त्या वाटेने जावंच लागलं नसतं, पण माझा चार महिन्यांपूर्वीचा पॅरामीटर प्रत्येक कर्नलला, प्रत्येक बूटला, त्याच मोडक्या वाटेने पाठवत होता.

कर्नलला दिलेले पॅरामीटर दाखवणारी, प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन ही फाइल वाचली आणि तो तिथे दिसला. काढला, ग्रब पुन्हा तयार केलं, रीबूट केलं, आरटीसीवेकने वीस फेऱ्या केल्या. विसाही वेळा उठलं.

कीबोर्डचा मूळ प्रश्न उरलाच होता, तो या वेळी त्याच्याच जागी सोडवला. सिसमधल्या आय-८०४२ खाली सीरिओ-० या उपकरणाच्या पॉवर फोल्डरात वेकअप नावाची फाइल आहे, तिच्यात ‘डिसेबल्ड’ लिहिलं की कीबोर्डला उठवण्याची परवानगी राहत नाही. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून छोटा यूडेव्ह नियम (उपकरण ओळखलं गेलं की सेटिंग आपोआप लावणारा) करून ठेवला. झाकण उघडल्यावर आणि पॉवरच्या बटणाने मशीन अजूनही उठतं, तेवढं पुरे.

एस-टू-आयडलवर राहायचं ठरवलं तर एक गोष्ट नक्की बघा. मशीन झोपल्याचं सॉफ्टवेअर सांगतं, पण हार्डवेअर खरंच खोल विश्रांतीत गेलं का? अलीकडच्या कर्नलमध्ये पॉवर फोल्डराखालच्या सस्पेंड-स्टॅट्समध्ये लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप ही फाइल असते. झोपेतून उठल्यावर तिच्यात शून्य दिसलं तर मशीन नुसतं डोळे मिटून पडलं होतं, आणि बॅटरी त्याच हिशेबाने उतरेल.

विंडोज किंवा मॅकवर

प्रकार तोच, साधनं वेगळी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेला ‘/ए’ दिलं की मशीनला झोपेचे कोणते प्रकार येतात ते कळतं, ‘लास्टवेक’ दिलं की शेवटी कोणी उठवलं ते, आणि ‘स्लीपस्टडी’ दिलं की गेल्या काही दिवसांतल्या झोपेचा सविस्तर अहवाल तयार होतो. मॅकवर पीएमसेटला -जी आणि लॉग दिलं की झोपेची आणि उठण्याची कारणासह नोंद मिळते.

परतीच्या वाटा मात्र आधी माहीत हव्यात. विंडोज नव्या आवृत्तीवर गेल्यावर मागे जाण्याची मुदत मुळात १० दिवसांची असते. ती संपण्याआधी आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. इनसायडर या विंडोजच्या चाचणी कार्यक्रमातल्या अगदी सुरुवातीच्या बिल्डवरून स्थिर आवृत्तीवर यायचं तर बहुतेकदा सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, आणि त्या चाचणी बिल्डना मुदत असते, ती संपली की चालवत राहता येत नाही. मॅकच्या बीटावरून मागे यायचंही तसंच: डिस्क पुसायची आणि बीटा टाकण्याआधी घेतलेला बॅकअप परत भरायचा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर फर्मवेअर बदलल्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवली असेल तर काही उपयोग नाही, कागदावर लिहा.

फर्मवेअर आणि सिस्टिम एकाच दिवशी नको

तिन्ही वेळांतून मी माझी एकच सवय बदलली. फर्मवेअरचं अपडेट आणि सिस्टिमचं अपडेट आता एका दिवशी करत नाही. मधे निदान आठवडा जाऊ देतो. दोन्ही एकदम केली की काय बिघडलं हे शोधताना दोन संशयित एकमेकांच्या आड लपतात. सिस्टिम मागे नेता येते, फर्मवेअर नेहमी नेता येतंच असं नाही. काही मशीन जुनी आवृत्ती परत घेतच नाहीत. शिवाय सिस्टिमने फर्मवेअरला हात लावल्याची उदाहरणं चाचणी आवृत्त्यांपुरती नाहीत. उबंटू १७.१० ही तर प्रकाशित, अंतिम आवृत्ती होती, तरी इंटेल एसपीआय ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपचं बायोस (म्हणजे हेच फर्मवेअर) बिघडू लागलं म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये तिचं डाउनलोड थांबवावं लागलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त केलेली १७.१०.१ आली.

सोबत एक साधी वही ठेवली आहे. तारीख, कर्नलची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, मेम-स्लीपमधला शब्द, आणि वीस फेऱ्यांपैकी किती वेळा उठलं. पाच रकाने. अपडेट केल्यावर दहा-पंधरा मिनिटं जातात, पण काहीतरी बिघडलं की ‘शेवटचं चांगलं कधी होतं’ या प्रश्नाचं उत्तर लगेच समोर असतं.

तक्रार नीट नोंदवणं

उपाय सापडला की आपण सुटलो असं वाटतं. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्याचं खरं काम तिथे सुरू होतं. तुम्ही नुसतं जुन्या कर्नलवर जाऊन बसलात तर तोच दोष अंतिम आवृत्तीत जाणार, आणि तेव्हा तो अशा माणसाला भेटणार ज्याला पीएम-टेस्ट हा शब्दही माहीत नाही.

विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटची गोष्ट मला कायम आठवते. ते आल्यावर काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला चार दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. वाईट म्हणजे, प्रकाशनाआधीच काही चाचणी करणाऱ्यांनी हे फीडबॅक हबमध्ये (मायक्रोसॉफ्टकडे तक्रारी नोंदवायच्या ॲपमध्ये) लिहिलेलं होतं. पण त्या नोंदींना मतं कमी होती, म्हणून त्या खाली राहिल्या. त्यानंतर तिथे परिणाम किती गंभीर आहे हे सांगायची सोय देण्यात आली. म्हणून तुमच्यासारखीच तक्रार आधी कोणी नोंदवली असेल तर नवी न करता तिथेच आपले तपशील जोडा. आणि पहिल्याच वाक्यात नुकसान लिहा: ‘झोपेतून उठत नाही, जतन न केलेलं काम जातं’. ‘सस्पेंडमध्ये अडचण’ एवढंच लिहिलं तर कोणी उघडून बघत नाही.

कर्नलचा दोष असेल तर सर्वांत मोलाची माहिती दोन आकड्यांची: शेवटची चांगली आवृत्ती आणि पहिली वाईट. सोबत लॅपटॉपचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, पीएम-टेस्ट कुठल्या पायरीवर अडली ते, आणि वीसपैकी किती वेळा. बाहेरचे बंदिस्त ड्रायव्हर चढवलेले असतील तर कर्नल स्वतःला ‘टेंटेड’ (दूषित) म्हणवतं, आणि विकासक आधी ते काढून बघायला सांगतात. तेव्हा ते काढूनच चाचणी घ्या.

ज्यांना कर्नल स्वतः बांधता येतं त्यांनी गिट बायसेक्ट करावं. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांवर बदल असले तरी दर वेळी निम्मे बाद होत जातात, त्यामुळे साधारण चौदा फेऱ्यांत एकच बदल हाती लागतो. तिथेही प्रत्येक फेरीला वीस झोपा घ्याच. एका फेरीत चुकून ‘चांगलं’ म्हटलं की उरलेल्या सगळ्या फेऱ्या भलत्याच दिशेने जातात. पहिल्या वेळच्या वायफायच्या दोषासाठी मी हे केलं, त्यात एक सबंध शनिवार-रविवार गेला. तीन ओळींचा तो बदल समोर दिसला तेव्हाचा आनंद मात्र अजून लक्षात आहे.

आणि जो तात्पुरता उपाय कराल त्याच्या शेजारी लिहून ठेवा. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पॅरामीटरच्या वरच्या ओळीत # घालून टिप्पणी लिहिता येते. माझ्या फाइलमध्ये आता प्रत्येक जादा शब्दावर तीन गोष्टी असतात: कधी घातला, कशासाठी, आणि काय झालं की काढायचा. डिस्ट्रोची अंतिम आवृत्ती आली की मी ती फाइल उघडतो, प्रत्येक पॅरामीटर काढून वीस फेऱ्या करतो आणि गरज असेल तोच परत ठेवतो. त्याच वेळी पॅकेजांच्या स्रोतांच्या यादीत चाचणीचं भांडार अजून चालू राहिलंय का तेही बघतो. ते चालू राहिलं तर वर नाव अंतिम आवृत्तीचं दिसतं आणि खाली पॅकेजं चाचणीचीच येत राहतात.